जाफन्याला नेलेली गोधडी

परत आल्यापासून लोक विचारतात, तिकडे काय काय पाहिलंत? मी समुद्र, देवळं आणि ताडाची झाडं अशी उत्तरं तयार ठेवली आहेत. विचारणाऱ्यांना तेवढी पुरतात. पण खरं सांगायचं तर त्या प्रवासाचा मोठा भाग डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतच झाला, आणि तो सगळा बॅग भरण्यात गेला.

जाफना श्रीलंकेच्या उत्तर टोकाला आहे. तिथे पुष्कळ वर्षं युद्ध चाललं. ते संपून आता बराच काळ लोटला. डहाणूपर्यंत मात्र ते संपल्याची बातमी अजून नीट पोचलेली नाही.

माझा नवरा जयराम तिथे कामाला होता. तो चिकूची कलमं बांधायचा. सुरुंग काढून मोकळ्या केलेल्या जमिनीवर फळबागा लावण्याचं काम एका संस्थेने हाती घेतलं होतं, आणि त्यांना डहाणूकडचा जाणता माणूस हवा होता. चिकूचं कलम खिरणीच्या रोपावर बांधतात. ती खिरणी तिकडच्या रानात आपोआप उगवते, हे कळल्यावर जयराम पगार विचारायचंही विसरला. दोन-तीन वर्षं तो येऊन-जाऊन होता. मागच्या वर्षी गणपती झाल्यावर परत गेला, आणि काही दिवसांतच तिथे वारला. सुरुंगाने नाही, गोळीने नाही. दुपारचं जेवून खुर्चीत बसला तो उठलाच नाही. डहाणूत माणसं ज्या कारणाने जातात, त्याच कारणाने गेला. हे सांगितलं की ऐकणारे किंचित निराश होतात.

तेव्हा माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. मी डहाणूच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. देशोदेशीची प्रवासवर्णनं लोकांना देते आणि मुदत संपली की परत मागते. स्वतःला पासपोर्ट लागेल असं कधी वाटलं नव्हतं. तिथल्या लोकांनीच त्याला अग्नी दिला, अस्थी तिथल्याच समुद्रात सोडल्या, आणि आम्हाला मोबाइलवर फोटो पाठवले. पासपोर्ट हातात आला तेव्हा मे महिन्याची सुट्टी लागली होती.

डहाणू

स्टेशनजवळच्या दुकानात बॅग घ्यायला गेले. दुकानदार भाई गुजराती, पण गिऱ्हाईक बघून भाषा बदलतात. कधी कधी एकाच वाक्यात.

"बेन, कुठे जाणार?"

"श्रीलंकेला. जाफन्याला."

"लढाईवाळी जागा? मग चाकवाली घेऊ नका. लढाईच्या गावात रस्ते कसे असतात? खड्डे ने खड्डे. चाकं तलासरी रोडलाच तुटतील."

"भाई, तलासरी रोडला लढाई झालेली नाही."

"ना, पण खड्डा तो छे ने!"

मी बिनचाकाची बॅग घेतली. जाफन्याचे रस्ते किती गुळगुळीत आहेत ते पुढे ती बॅग खांद्यावरून वाहताना मला नीट पाहता आलं.

शेजारचे राऊतकाका रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत आणि सध्या मोबाइल वाचतात. युद्ध झालेल्या गरम देशात जाताना काय न्यावं, याची यादी त्यांनी शोधून काढली होती. ती त्यांनी आमच्या ओट्यावर उभं राहून वाचून दाखवली. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. जुलाबाच्या पुड्या. डोक्याला बांधायची बॅटरी. शिट्टी.

"शिट्टी कशाला, काका?"

"ढिगाऱ्याखाली अडकलीस तर वाजवायला."

"ढिगारे उचलून खूप वर्षं झाली."

"यादीत आहे म्हणजे ठेवायची. हां, आणि हे महत्त्वाचं. लष्करी रंगाचे कपडे अजिबात वापरायचे नाहीत. तिथली माणसं घाबरतात." एवढं वाचून त्यांनी मागे लपवलेली भेट पुढे केली. उन्हासाठी टोपी होती. त्यांच्या मुलाची, हिरवी, वर मातकट ठिपके, ऐन लष्करी.

"तिकडे ऊन फार भयंकर," काका म्हणाले आणि त्यांनी मानेवरचा ओला रुमाल काढून पिळला. सकाळपासून वीज गेलेली होती. ओट्यावर पाणी पडलं, ते बघता बघता वाळलं.

राऊतकाकांना हसायचा मला अधिकार नाही. आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसायचे त्या दिवसांत सगळी आळी अंगणात झोपायची. प्रत्येक घराच्या दारामागे एक बॅग भरून तयार होती: कागदपत्रं, बिस्किटं, काडेपेटी, एक चादर. धक्के कमी झाले, माणसं आत झोपायला लागली, बॅगा दारामागेच राहिल्या. राऊतकाकू दर दिवाळीला आवराआवर करताना त्यातली बिस्किटं बदलतात. त्यांच्या आणि आमच्या दारामागच्या अशा दोन बॅगांच्या मधे उभं राहून काका मला सांगत होते, की सांभाळ, तो देश काही खात्रीचा नाही.

उधवा

जयरामचं घर उधव्याला. मे महिन्यात त्या बाजूला एसटीतून जाताना शेतात जागोजाग काळे चौकोन दिसतात. पालापाचोळा पसरून जमीन भाजलेली असते. पाऊस आला की त्या काळ्या जागेत भाताचं बी पेरतात. लहानूचं, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचं, भाजून झालं होतं. बी मात्र कणगीत होतं, आणि कणगीला हात लावायची सोय नव्हती.

ते का, हे सांगायला हवं, कारण माझ्या जाण्याचं खरं कारण तेच होतं.

या घराची एक रीत आहे. नवा भात घरात आला की आधी घरच्या गेलेल्या माणसांना पान वाढायचं. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं. मगच नवं अन्न तोंडात घालायचं आणि मगच कणगी उघडायची. दुसरी रीत अशी की घरातलं कोणी लांब निघालं, तर कणगीतला मूठभर भात फडक्यात बांधून त्याच्याजवळ द्यायचा. तो खायचा नाही. परत आल्यावर त्याने स्वतःच्या हाताने तो कणगीत टाकायचा. जयराम दर वेळी तशी पुरचुंडी घेऊन जायचा आणि घेऊन यायचा. शेवटची तिकडेच राहिली. मला कधी कोणी मूठ दिली नाही. डहाणूत राहणाऱ्या सुनेला कुठे लांब जायचं असतं?

या दोन रीती एकमेकींत अडकल्या होत्या. सासूबाई पान वाढायला तयार नव्हत्या. वाढलं तर जयरामचं नाव घ्यावं लागेल.

"त्याचे दाणे बाहेर हायेत," त्या म्हणायच्या. "दाणे बाहेर असंल तो वाटंवर असतो. वाटंवरच्या माणसाला पान वाढत नाय."

"आई, फोटो पाहिलात ना तुम्ही?"

"पाहिला. फोटूत माणूस कुठं होता? लाकडं होती."



लहानू मला अंगणाच्या कडेला घेऊन गेला. "वयनी, दिवाळीपासून कणगी बंद हाय. स्वतःच्या शेताचा भात घरात, आन् आम्ही रेशनच्या लायनीत. आता पाऊस येईल. बी नाय काढलं तर पेरू काय, माती?"

"तू बोललास आईंशी?"

"बोललो ना. म्हणते, तू धाकटा, धाकट्यासारखा जेव आन् गप बस."

सासूबाईंनी ऐकलं असावं. आतून म्हणाल्या, "लहानू, बाईमाणसाच्या कानाला लागू नको. तिला जायचं हाय. ती दाणे आणंल." मग माझ्याकडे बघून, "आणशील ना, बाय?"

मी हो म्हटलं. एका परक्या देशात, कुणाच्या तरी घरी, मेलेल्या माणसाच्या सामानातली मूठभर भाताची पुरचुंडी इतके महिने राहिली असेल, याची मला काडीची खात्री नव्हती. उंदीर तर तिथेही असणार.

मग त्यांनी माझी बॅग ओढून घेतली आणि भरायला बसल्या. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की त्या माझी बॅग भरत नव्हत्या. जयरामचा धुतलेला सदरा घातला. नागलीचं पीठ घातलं. मग आतून एक गोधडी आणली, त्यांच्या जुन्या लुगड्यांची, चांगली जाड.

"आई, तो गरम देश आहे. तिथे गोधडी कशाला?"

"त्याला पंख्याखाली थंडी वाजते."

"अहो, पण तिथे फार उकडतं."

"उकडतं म्हणून पंखा जोरात लावत असतील ना?"

लहानूने तोंड फिरवलं. मी गोधडी घेतली. तिच्यासाठी पाण्याच्या गोळ्या, बॅटरी आणि माझे दोन पोशाख काढावे लागले. शिट्टी एका कोपऱ्यात राहिली. कणगी बंद असल्यामुळे मला मूठ मिळाली नाहीच. त्या घरातून इतकं लांब रिकाम्या हाताने जाणारी मी पहिली असेन, आणि इतकं ओझं घेऊन जाणारीही.

झरी

परतीच्या वाटेवर झरीला नणंदेकडे उतरले. मंजुळा जयरामच्या पाठची. तिने वर्तमानपत्रात बांधलेलं सुकट माझ्यापुढे ठेवलं. एसटीतली माणसं पुढे तलासरीपर्यंत मला नीट ओळखू लागली ती त्यामुळेच.

"तिकडच्या माणसांना दे. लढाईत खायचे हाल होतात."

"मंजुळा, लढाई संपली गं."

"संपली म्हणून भूक लगेच जाते काय?"

चहा झाल्यावर तिने आणखी एक छोटं गाठोडं काढलं आणि माझ्या पिशवीत सारलं. आत मूठभर भात होता.

"आमच्या कणगीतला हाय. पण बी आईकडचंच. मी लग्नात आणलेलं. दाणा सारखाच. दादाची पुरचुंडी नाय मिळाली तर हेच दे. म्हणायचं, हेच ते."

"आईंशी खोटं बोलू?"

"वयनी, तू रोज पुस्तकं वाटतेस. त्यात सगळं खरं असतं काय?" मग तिचा आवाज उतरला. "ती नागलीची भाकर आन् रेशनचा भात खाते. वाळून चाललीय. तुझं खरं तिला काय खायला घालणार हाय?"

मी ते गाठोडं डहाणूला आणलं आणि पुस्तकांच्या फळीवर ठेवलं. बरोबर नेलं नाही. टाकूनही दिलं नाही.

जाफना

विमानांचं सोडून देते. जाफन्याचा विमानतळ लहान आहे. अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली. वर लष्करी ठिपक्यांची टोपी निघाली, ती त्याने दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. मग गोधडी. मग शिट्टी. मग वर्तमानपत्र उघडून त्याने सुकट हुंगलं आणि माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

"मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला, "सुकी मासळी इथे मिळते."

मिळते म्हणजे काय, बाजारात तिच्या राशी होत्या. डहाणूच्या बंदरावरचा माणूसही मान खाली घालेल अशा. औषधांची दुकानं होती, मोबाइलची होती, सोन्याची होती. चाकवाल्या बॅगा ओढत माणसं गुळगुळीत रस्त्यावरून चालली होती. मी खांदा बदलत होते.

जयराम ज्यांच्याकडे राहायचा त्या पुष्पम अक्का सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. आम्ही दोघी इंग्रजीत बोलत होतो. त्यांचं शाळेतलं, माझं पुस्तकातलं. त्यांनी माझी जुलाबाच्या पुड्यांची पिशवी पाहिली.

"तुम्ही सगळे हे का आणता? आमच्याकडे लढाई संपली. दुकानं नाही संपली."

"शेजाऱ्यांनी दिलं."

"तुझ्या नवऱ्यालाही दिलं होतं. माझ्या कपाटात आहे. मागच्या महिन्यात माझं पोट बिघडलं तेव्हा कामाला आलं. तुमच्या शेजाऱ्यांना धन्यवाद सांग."

त्यांच्या दारामागे एक बॅग होती. मी ती लगेच ओळखली. विचारल्यावर अक्का किंचित लाजल्या. घर सोडून पळायच्या वर्षांतली सवय, म्हणाल्या. आत कागदपत्रं, काडेपेटी, एक साडी आणि बिस्किटं. बिस्किटं त्या दर पोंगलला बदलतात. आमच्याकडे दिवाळीला बदलतात, हे मी सांगितलं. मग भूकंपाचं सांगावं लागलं. अक्कांनी तोंडावर हात ठेवला.

"जमीन हलते? आणि तुम्ही तिथेच राहता?"

"हो."

"बाई गं. तो देश काही खात्रीचा नाही."

जेवायला तांबड्या तांदळाचा भात, वांगं, आणि भांडंभर दाटसर कढण. ते ताडाच्या कोंबाच्या पिठाचं करतात आणि त्यात मासळी, खेकडे, शेंगा असं सगळं टाकतात. आमच्याकडे ताडाचे गोळे खातात, ताडी पितात, आणि मग ताडाकडे कुणी बघत नाही. इथे बी पुरून त्याचा कोंब काढून, वाळवून, दळूनही खातात. पंखा जोरात होता. तासाभरात मला थंडी वाजू लागली आणि मी बॅगेतून गोधडी काढून पायांवर घेतली. सासूबाईंना हे कळवायची काही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बागेवर नेलं. लाल माती, उभं ऊन, आणि ओळीने लावलेली रोपं. खालचा बुंधा खिरणीचा, वरची पानं डहाणूची. सांध्याजवळ जयरामने गुंडाळलेल्या पट्टीचा ठसा अजून दिसत होता. शेजारच्या तुकड्यात सुरुंग काढायचे राहिले होते. तिथे दोरी बांधून लाल पाट्या लावल्या होत्या, आणि दोरीपलीकडे बकऱ्या चरत होत्या.

"बकऱ्यांना वाचता येत नाही," अक्का म्हणाल्या. "तुझा नवरा त्यांना मराठीत ओरडायचा. त्या ऐकायच्या नाहीत. मी तमिळमध्ये ओरडते. तेव्हाही ऐकत नाहीत."

मी एका रोपाच्या सांध्याला हात लावून थोडी उभी राहिले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं नाही.

परत आल्यावर मी पुरचुंडीचं विचारलं. उत्तर ऐकायची भीती वाटत होती म्हणून आदल्या दिवशी विचारलं नव्हतं.

"फडक्यात बांधलेलं बी?" अक्का लगेच म्हणाल्या. "मी पेरलं."

"पेरलं?"

"त्याच्या उशाशी सापडलं. पाठवायचं कसं? टपालाने बी नेऊ देत नाहीत. तेवढ्यात पाऊस आला. घरात बी पडून आहे आणि बाहेर पाऊस पडतोय, हे आमच्याने बघवत नाही. विहिरीजवळ एवढ्याशा जागेत पेरलं. फार उंच झालं आणि आडवं पडलं. अर्धं पाखरांनी नेलं. तरी बघ."

त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. निम्म्याच्या वर भरलेला होता. जयरामने नेलेल्या मुठीपेक्षा कितीतरी जास्त. वर ते फडकं होतं, सासूबाईंच्या लुगड्याचं, धुऊन इस्त्री केलेलं. मला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं.

मी दाणे हातात घेतले. साळ थोडी काळपटलेली होती, कुठे कुठे उकललेली.

"उकडून वाळवलाय," अक्का अभिमानाने म्हणाल्या. "आमच्या घरी भात उकडूनच ठेवतात. म्हटलं, इतका लांबचा प्रवास, कीड लागायला नको. दोन दिवस अंगणात राखण करत बसले होते."

"सगळा उकडला?"

"सगळा. का?"

उकडलेला भात खाता येतो. तो रुजत नाही. कणगीतून गेलेलं बी कणगीत परत टाकायचं, ते पुढच्या पावसात पेरायचं, अशी ती रीत. या डब्यात एकही दाणा तसा उरला नव्हता. मी अक्कांना काही सांगणार नव्हते, पण चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांनी विचारत विचारत सगळं काढून घेतलं: कणगी, मूठ, पान, वाटेवरचा माणूस.

त्या माफी मागतील असं वाटलं. त्यांनी मागितली नाही. बराच वेळ डब्याचं झाकण पुसत बसल्या.

"आम्ही पळायचो तेव्हा आधी बियाणं उचलायचो," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी. मग दागिने, मग कागद. शेवटच्या वेळी माझा नवरा आणि थोरला मागेच राहिले. आम्ही तळ्याकाठी होतो. खायला काही नव्हतं. तेव्हा ते बियाणं मीच उकडलं." मग उठता उठता म्हणाल्या, "तुझ्या सासूला सांग, ज्या बाईने केलं तिला कळत नव्हतं असं नाही. सवय आहे."

निघताना सदरा, नागलीचं पीठ, सुकट सगळं त्यांच्याकडे ठेवलं. गोधडी मी जयरामच्या कॉटवर घडी करून ठेवली. अक्का म्हणाल्या, पंखा जोरात लावल्यावर उपयोगी पडेल. विमानतळावर डबा उघडून बघणाऱ्याला मी सांगितलं की उकडलेला आहे, उगवणार नाही. त्याने चार दाणे चावून पाहिले आणि जाऊ दिलं. उगवणारा असता तर त्यानेच अडवला असता. हे मला विमानात सुचलं.

पुन्हा उधवा

डहाणूला रात्रीपुरती थांबले. फळीवर मंजुळाचं गाठोडं होतं तसंच होतं. सकाळी निघताना मी ते हातात घेतलं. उघडून एक दाणा नखाने सोलून पाहिला: आत पांढरा, जिवंत. त्या घराचंच बी. डब्यातले दाणे काढायचे, हे घालायचे, वर इस्त्रीचं फडकं. कोणाला कळणार नव्हतं. लहानूला बी मिळालं असतं, सासूबाईंना नवा भात, आणि जयराम वाटेवरून परत आला असंच सगळ्यांनी मानलं असतं. मला चांगुलपणाने अडवलं असं म्हणवत नाही. एवढंच वाटलं, की त्या अंगणात दोन दिवस राखण करत बसलेल्या बाईला मी असं डहाणूतच उतरवून टाकू शकत नाही. गाठोडं फळीवर ठेवलं आणि एसटी पकडली.

सासूबाईंनी डबा सुपात ओतला. लहानू कणगीजवळच उभा होता, हात पुसून तयार.

"आई, आधी ऐका," मी म्हटलं. "हे त्याच्याच दाण्यांचं आहे. पण ज्या बाईंकडे तो राहायचा त्यांनी ते पेरले. आलं ते त्यांच्या रीतीप्रमाणे उकडून ठेवलं. हे रुजायचं नाही."

लहानू म्हणाला, "आता काय?" आणि खाली बसला.

सासूबाईंनी एक दाणा उचलला. नखाने सोलला, दाताखाली धरला. मग दुसरा.

"बारीक झालाय," त्या म्हणाल्या. "तिकडचं पाणी लागलं."

"हो."

"पेरला कशाला तिनं?"

"पाऊस आला होता म्हणून. बी घरात पडलेलं बघवत नाही म्हणाल्या."

"मग बरोबर हाय. आन् उकडला कशाला?"

"सवय आहे म्हणाल्या. त्यांच्या घरातली माणसं लढाईत गेली. पळताना पोटात घालायला बियाणं उकडलं होतं त्यांनी."

सासूबाई सूप हलवत राहिल्या. दाणे इकडून तिकडे सरकत होते, पाखडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मी कळवते त्या बाईंना, की तुमचा राग नाही—" मी बोलू लागले.

"तिला काय सांगायचं? तिला म्हायती हाय." त्यांनी सूप खाली ठेवलं. "उकडलेला कणगीत नाय टाकत."

"मग करायचं काय त्याचं?" लहानूने विचारलं.

"उकडलेला खातात," सासूबाई म्हणाल्या. "एवढा मोठा झालास, तुला म्हायती नाय?"

त्या उठल्या आणि सूप घेऊन उखळाकडे गेल्या. मी मुसळाला हात लावायला गेले तर त्यांनी लावू दिला नाही. एकट्याच कांडत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "गोधडी?"

"तिथेच ठेवली. त्याच्या कॉटवर."

"बरं केलंस."

दुपारी त्यांनी पानं मांडली. काळपट, बारीक, वेगळ्या वासाचा भात शिजला होता. सासऱ्यांचं नाव घेतलं, त्यांच्या आईबापांची घेतली, लहानपणी गेलेल्या एका मुलीचं घेतलं. मग पुढच्या पानावरचा भात बोटांनी सारखा केला. लहानू माझ्याकडे बघत होता, मी पानाकडे. मग त्यांनी जयरामचं नाव घेतलं. अंगणात खेळणाऱ्याला जेवायला हाक मारावी तसं, जरा मोठ्याने, जरा रागावून.

जेवताना त्या म्हणाल्या की भाताला चव नाही. आणि आणखी वाढून घेतला.

संध्याकाळच्या एसटीला मी निघाले. लहानूने तोवर कणगी उघडली होती आणि बी काढून उन्हात पसरलं होतं. सासूबाई दारात आल्या. त्यांच्या हातात ते इस्त्री केलेलं फडकं होतं, गाठ मारलेलं. आत मूठभर भात.

"आई, मी डहाणूला चाललेय. तासाभराचा रस्ता आहे."

"रस्ता तर हाय ना?" त्या म्हणाल्या. "धर. परत आण."